आकार तपासला, माल कोण तपासणार?

देवरीचा माणूस पारखल्याशिवाय वस्तू घेत नाही. बोअरचा पाइप घेताना शेतकरी आधी आयएसआयचा शिक्का शोधतो, मग पाइप डोळ्याला लावून आरपार बघतो. धानाच्या बियाण्याची पिशवी उलटीपालटी करून लॉट नंबर वाचतो आणि पक्कं बिल मागतो. भांड्यांच्या दुकानात बाया डबा बोटाने वाजवून बघतात, आणि एकीने तर पर्समधून लोहचुंबक काढून दुकानदाराची बोलती बंद केलेली मी पाहिली आहे. गावाबाहेर महामार्गावर, छत्तीसगडच्या हद्दीपाशी, तपासणी नाक्यावर अख्खा ट्रक काट्यावर चढलेला गावाने पाहिला आहे.

त्याच रस्त्याने कुरिअरच्या गाडीतून एक वस्तू गावात येते. ती कशाची बनली आहे हे घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही. लैंगिक सुखाचं साधन. लोक त्याला सेक्स टॉय म्हणतात. घ्या, लिहिलं. कागद जागेवर आहे, शाईही वाळली.

"आपल्या देवरीत कोण घेते जी असलं?" असं विचारणाऱ्याच्या आवाजात राग कमी आणि चौकशी जास्त असते. ज्या पिनकोडवर मिक्सर येतो, त्याच पिनकोडवर हेही येतं. नवरा सहा-सहा महिने रायपूरला कामावर असेल, बायको इथे असेल. दोघंही इथेच असतील, पन्नाशी ओलांडलेली, आणि डॉक्टरला विचारायची हिंमत नसेल. एकटी नोकरदार बाई असेल, एकटा पुरुष असेल. सज्ञान माणसाने आपल्या खोलीत काय करावं हे ठरवायला अजून वॉर्डावॉर्डात समिती नेमलेली नाही, त्यामुळे तो मुद्दा सोडा. माझा प्रश्न भांडीवाल्या बाईचाच आहे. शरीराच्या सगळ्यात नाजूक कातडीला जे लागणार, ते कशाचं आहे?

गावातल्या एका मेडिकलवाल्याला विचारलं. तो काउंटरवर दोन्ही हात टेकवून हसला. "मले का मालूम जी? कंडोम मागणारा गिऱ्हाईक अजून माझ्याकडं पाहत नाही, मागच्या खोकल्याच्या बाटल्यांकडं पाहून मागते. अन् तुम्ही सिलिकॉनचं घेऊन बसले!"

म्हणून मोबाइलवरच्या जाहिराती वाचल्या. मोठा करमणुकीचा वाङ्मयप्रकार आहे. नाव 'बॉडी मसाजर'. उपयोग पाठ, मान, खांदे. फोटोत एक गोरी बाई खरोखरच मान शेकत असते, चेहऱ्यावर मात्र मानदुखीचं लक्षण नसतं. खाली 'सॉफ्ट', 'स्किन फ्रेंडली', 'शंभर टक्के सेफ', आणि ठळक अक्षरांत हमी, की पार्सलवर काहीही लिहिलेलं नसेल. हीच खरी विक्री. गुप्ततेचे पैसे घेतात, आतली वस्तू सोबत येते. काही खोक्यांवर सगळ्यात बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: 'फॉर नॉव्हेल्टी यूज ओन्ली'. फक्त गमतीपुरतं. थोडक्यात, ही वस्तू तुम्ही शोकेसमध्ये प्लास्टिकच्या ताजमहालाशेजारी ठेवणार आहात असं कंपनी समजून चालते. शरीराला लावली आणि काही झालं, तर ती तुमची हौस.

सरकारचं इकडे लक्ष नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बारीक लक्ष आहे. १९६४ च्या जानेवारीत केंद्राने एक अधिसूचना काढली आणि अश्लील पुस्तकं, पत्रकं, चित्रं, आकृत्या, वस्तू यांची आयात बंद केली. त्या कागदाच्या जोरावर मुंबईत सीमाशुल्क खात्याने बॉडी मसाजरचा माल अडवला. आयुक्तांचं म्हणणं असं, की याचा 'तसा' वापर होऊ शकतो, म्हणून हे अश्लील. या हिशेबाने बाजारातली निम्मी भाजी जप्त करावी लागेल. लवादाने खात्याचं म्हणणं नाकारलं. खातं हायकोर्टात गेलं. मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि किशोर संत यांच्या खंडपीठाने अपील फेटाळलं आणि हा आयुक्तांच्या कल्पनाशक्तीचा खेळ असल्याचं सुनावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच खात्याने अडवलेली एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं हायकोर्टाने सोडवली. नग्न दिसलं की अश्लील असं नसतं, हे पुन्हा एकदा सांगावं लागलं. पदमसींना तर याची सवय होती. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनावरून त्यांच्यावर खटला झाला होता, आणि त्यातूनही ते सुटले होते.

मसाजरच्या खटल्याचा निकाल चांगला लागला, पण वाद झाला तो वस्तू अश्लील आहे की नाही एवढाच. त्या गुळगुळीत आवरणात काय मिसळलंय, ते अंगाला चालतं का, हा प्रश्न त्या कायद्यात बसतच नाही. अधिसूचनेला डोळे आहेत, नाक नाही. नाक असतं तर पहिलं खोकं उघडताच कळलं असतं.

दुकान असतं तर गिऱ्हाइकाने हातात घेऊन, वास घेऊन पाहिलं असतं. गोव्यात तोही प्रयोग झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये, व्हॅलेंटाइन दिनाचा मुहूर्त धरून, कळंगुटला असं दुकान उघडलं. देशातलं पहिलं कायदेशीर दुकान म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मार्चमध्ये पंचायतीने ते बंद केलं. कारण दिलं व्यापार परवान्याचं. परवाना नसेल तर पंचायतीने विचारावं, रास्तच आहे. पण काचेमागे, दिव्याखाली, बिलासकट माल विकणारं दुकान महिनाभर टिकलं, आणि ज्याला ना पत्ता ना चेहरा असा विक्रेता आजही निवांत आहे. भारतीय न्याय संहितेत अश्लील वस्तूंच्या विक्रीचं कलम २९४ नंबरचं आहे, जुन्या दंडविधानात ते २९२ होतं. नंबर बदलला, धाक तोच. त्या धाकाने विक्रेता वस्तूचं खरं नाव लिहीत नाही. आणि नावच खोटं लिहायचं ठरलं, की पुढे माल, वापर, धुण्याची रीत हे सगळं खोटं लिहायला कितीसा वेळ लागतो? पाठीच्या मसाजरवर 'योनीत वापरायला सुरक्षित' असं कोण छापणार?

कुणी म्हणेल, हे सगळं पश्चिमेचं खूळ. त्याने वात्स्यायन वाचलेला नसतो, नुसता दिवाणखान्यात मांडलेला असतो. कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात अशा साधनांची चर्चा आहे, आणि गंमत म्हणजे ती मालाची चर्चा आहे. सोनं, रुपं, तांबं, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशी यादीच दिली आहे. बाभ्रव्य या आचार्याच्या पंथाचे लोक शिसं आणि कथलाच्या बाजूचे. मऊ असतं, थंड असतं, हे त्यांचं कारण. वात्स्यायन लाकडाच्या बाजूला झुकतो. आज दोघांचंही ऐकू नये. शिसं विषारी आहे, आणि उघड्या लाकडात ओल मुरते, शिवाय कुसळ लागतं. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारला होता. दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पंडित साधन कशाचं असावं यावर मतभेद नोंदवत होते, आणि आपण ते पार्सल शेजारणीला दिसलं का या काळजीत आहोत.

तर आता माल.

सगळ्यात स्वस्त प्रकारांतला एक म्हणजे तो पारदर्शक, गुलाबी-जांभळा, दाबला की लिबलिबणारा. त्याला 'जेली' म्हणतात. बहुतेक वेळा तो पीव्हीसी असतो, तुमच्या बोअरच्या पाइपाचाच भाऊबंद. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करायला तेलासारखी रसायनं मिसळतात, त्यांतलं एक मोठं कुटुंब थॅलेट्सचं. ही रसायनं प्लास्टिकशी पक्की बांधलेली नसतात. भज्यांच्या कागदातून तेल उतरावं तशी ती हळूहळू बाहेर येतात. नवं खोकं उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र वास आणि चार महिन्यांनी वस्तूला सुटणारा चिकट घाम, दोन्ही अशाच मिसळलेल्या रसायनांचे. काही थॅलेट्स शरीराच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात, प्रजननक्षमतेवर परिणाम करतात, म्हणून युरोपात त्यांच्यावर निर्बंध आहेत. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये ग्रीनपीसने आठ साधनं तपासून घेतली. सातांमध्ये थॅलेट्स निघाले, वजनाच्या २४ ते ५१ टक्के. निम्मी वस्तू म्हणजे मिसळणच. दुधात एवढं पाणी निघालं असतं तर आपण डेअरी पेटवली असती.

लहान मुलांच्या खेळण्यांचं आपल्याकडे बरं चाललंय. १ जानेवारी २०२१ पासून त्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा आहे आणि मानकांत थॅलेट्सचीही तपासणी आहे. कारण पोर खेळणं तोंडात घालतं. ही अक्कल आपल्याला आहे, फक्त ती चौदा वर्षांपर्यंत चालते. त्यापुढे माणूस सज्ञान होतो, मतदान करतो, आणि त्याच्या वस्तूत काय घालावं हे विक्रेत्यावर सोपवलं जातं.

दुसरा प्रकार टीपीई किंवा टीपीआर, म्हणजे रबरासारखं लवचीक प्लास्टिक. जाहिरातीत 'त्वचेसारखा स्पर्श' म्हणतात तो हा. यात थॅलेट्स असतीलच असं नाही, पण याला बारीक छिद्रं असतात. डोळ्याला दिसत नाहीत, जंतूंना पुरतात. साबणाने वरून धुतलं तरी आतलं निघत नाही, आणि उकळायला घ्यावं तर वितळतं. ज्यांच्याकडे असं काही आधीच आहे त्यांनी निदान त्यावर दर वेळी नवा कंडोम चढवावा, दुसऱ्याला वापरायला देऊ नये, आणि चिकट झालं, रंग बदलला की टाकून द्यावं. पैसे गेले म्हणून जपून ठेवण्याची ही वस्तू नव्हे. जेलीच्या दोन वस्तू एका डब्यात ठेवल्या तर उन्हाळ्यात एकमेकींना चिकटून विरघळतात. आपला मे महिना त्यांना मानवत नाही.

मग चालतं काय? चार गोष्टी. खरं सिलिकॉन, विशेषतः प्लॅटिनम क्युअर्ड म्हणतात ते. स्टेनलेस स्टील. बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीची. आणि एबीएस नावाचं कडक, गुळगुळीत प्लास्टिक. चारहींना छिद्रं नाहीत, वास नाही, घाम नाही. मोटर नसलेलं सिलिकॉन किंवा स्टील असेल तर चार-पाच मिनिटं उकळा, मोटर असेल तर साधा साबण आणि कोमट पाणी. काचेला टवका गेला की तिचा संबंध संपला, आणि उकळत्यातून काढून तिला थंड पाण्यात बुडवू नये. स्टीलबद्दल मी काय सांगणार? त्यात आपल्या बायकांनी पीएचडी केली आहे. फक्त भांड्यासारखं त्यावर नाव घालून घेऊ नका. खोदलेल्या अक्षरांत घाण साचते. शिवाय अक्षरं दुकानदार मोठ्याने वाचून पाहतो.

सिलिकॉनच्या नावाखाली टीपीई खपवणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना हात. 'मेडिकल ग्रेड' आणि 'फूड ग्रेड' हे शब्द छापायला शाई तेवढी लागते. खरं सिलिकॉन उकळत्या पाण्याला दाद देत नाही, त्याला तेलकटपणा नसतो आणि बहुधा ते आरपार काचेसारखं दिसत नाही. इंटरनेटवर काही शूर लोक काडी लावून पारख करायला सांगतात. ते करू नका. रंग आणि मिसळणीमुळे त्यातून पक्कं काही कळत नाही, आणि घरात काय जळतंय हे सासूबाईंना सांगावं लागतं.

तेलाचं एक. आपल्याकडे कुठल्याही घर्षणाला उत्तर म्हणून खोबरेल तेल. सायकलची चेन, केस, बाळाची मालिश, सगळ्याला तेच. लॅटेक्सच्या कंडोमला ते चालत नाही, काही मिनिटांत रबर कमजोर होतं. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचंच वंगण लावलं तर पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. पाण्यावर आधारलेलं वंगण सगळ्यांना चालतं आणि ते मेडिकलमध्ये मिळतं. मागताना खोकल्याच्या बाटल्यांकडे पाहिलं तरी हरकत नाही.

एक गोष्ट मालाची नाही, घडणीची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुदद्वारात वापरायच्या कुठल्याही साधनाला खाली रुंद बैठक हवीच. ती नसेल तर वस्तू आत ओढली जाते आणि मग ऑपरेशन थिएटरची वेळ येते. स्वीडनचे सर्जन मार्टिन डालबर्ग अशा वस्तू काढून काढून कंटाळले आणि याला काही दर्जा ठरवा म्हणून मागे लागले. त्यातून २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. माल, घडण, माहितीपत्रक, सगळ्याचे नियम त्यात आहेत. सर्जनला लाज वाटली नाही म्हणून जगाला मानक मिळालं. आपल्याकडचा रुग्ण 'घसरून पडलो' असं सांगत दोन दिवस उशिरा जातो. असं काही झालंच तर घरी चिमटे घालत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी तुमच्यापेक्षा भारी गोष्टी ऐकलेल्या असतात.

महाराष्ट्रात अशी न लाजणारी माणसं नव्हती असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. साधन कोणतं, कसं वापरायचं, कशाने अपाय होतो, हे सगळं गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा कोरड्या भाषेत सांगितलं. बक्षीस म्हणून नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली, तर १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. कर्व्यांनी दंड भरला आणि मासिक १९५३ पर्यंत चालू ठेवलं. त्यांच्यावर नंतर सिनेमा निघाला, आपण टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पद्धतीचं एक साधं माहितीपत्रक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा म्हटलं, तर मात्र चुना ओला असल्याचं कारण मिळतं.

मागणी फार मोठी नाही. या वस्तूला तिचं नाव लिहू द्या, नावाखाली माल लिहायला लावा, आणि लिहिलेलं खोटं निघालं तर पाइपवाल्याला पकडता तसं पकडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, त्यात फसव्या जाहिरातीवर कारवाईची सोय आहे. अडचण एकच. गिऱ्हाइकाला वाटतं, तक्रार केली तर ग्राहक आयोगापुढे उभं राहून वस्तू दाखवावी लागेल, आणि पुढची तारीख पडली की पुन्हा दाखवावी लागेल.

तोवर घेणाऱ्याने विचारावं तरी. मी एका विक्रेत्याला संदेश पाठवून विचारलं. उत्तर तत्पर होतं, तेवढं श्रेय द्यायला हवं.

"मटेरियल कशाचं आहे?"

"प्रीमियम आहे सर."

"प्रीमियम म्हणजे कशाचं?"

"सॉफ्ट आहे सर."

"सिलिकॉन आहे का?"

"हो सर. जेली सिलिकॉन."

"टेस्ट रिपोर्ट मिळेल?"

"बिल मिळेल सर. बिलावर मोबाइल कव्हर लिहून देऊ."

"उकळत्या पाण्यात टाकलं तर चालेल?"

जरा वेळ गेला. तीन ठिपके उमटले, गेले, पुन्हा उमटले.

"सर, पाठीचा मसाजर आहे. उकळायचा कशाला?"